स्टिअरिंग थरथरतंय की माझे हात?

गेल्या रविवारी भेडाघाटहून परत येताना माझ्या गाडीचं स्टिअरिंग थरथरायला लागलं... आणि घरी पोचेपर्यंत गाडीची किल्ली माझ्या मुलाच्या खिशात गेली होती.

आधी गाडीबद्दल सांगते. रिटायर झाल्यावर मी एक जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली. नातेवाइकांनी तोंडावर कौतुक केलं आणि पाठीमागे काय म्हटलं तेही माझ्यापर्यंत पोचलं. आज माझं वय सहासष्ट, गाडीचं बावीस... आणि दोघींचंही मस्त चाललंय.

तर रविवारी, नागपूरहून चार दिवसांसाठी आलेला माझा मुलगा निखिल शेजारी बसला होता. काट्याने ऐंशी ओलांडले आणि स्टिअरिंग हातात थरथरू लागलं. मी म्हटलं, "अरे, स्टिअरिंग हलून राहिलं." त्याने माझ्या हातांकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, स्टिअरिंग नाही... तुझे हात थरथरून राहिले."

मला गाडी बाजूला घ्यायला लावली. उरलेला रस्ता गाडी त्याने चालवली, एका ट्रकच्या मागे, चाळीस-पन्नासच्या वेगाने. अर्थातच काही हललं नाही. झालं, सिद्ध झालं! घरी आल्यावर म्हणाला, "काहून रिस्क घेऊन राहिली आई? आता बस झालं ड्रायव्हिंग." ह्यांनी वर्तमानपत्रात डोकं घातलं, म्हणजे मत कोणाच्या बाजूने पडलं ते कळलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी इथल्या डिफेन्स फॅक्टरीत तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. कितीतरी पार्ट पास केले, कितीतरी परत पाठवले... पण एकही नुसता डोळ्यांनी बघून नाही. प्रत्येक मोजून. आणि माझे हात मात्र माझाच मुलगा एका नजरेत रिजेक्ट करणार?

संध्याकाळी वही घेऊन बसले. ब्रेक दाबल्यावर थरथर वाढत नव्हती, म्हणजे ब्रेकची डिस्क नाही. सीट हलत नव्हती, फक्त स्टिअरिंग... म्हणजे बहुतेक मागची चाकं नाहीत, पुढची. आणि ऐंशीच्या खाली काहीच नाही. म्हातारे हात काही स्पीडोमीटर बघून थरथरत नाहीत.

सोमवारी सकाळी निखिलला म्हटलं, किल्ली तुझ्याकडेच ठेव, गाडीही तूच चालव, मी फक्त शेजारी बसते. शहराबाहेर पनागरच्या रस्त्याला सकाळी सातला फारशी गर्दी नव्हती. सत्तर... पंचाहत्तर... आणि ब्याऐंशीला माझ्या अडतीस वर्षांच्या, रोज जिमला जाणाऱ्या मुलाचे दोन्ही हात थरथरायला लागले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. इतका वेळ गप्प बसायला मला फार कष्ट पडले.

पण लगेच मान्य करेल तर तो माझा मुलगा कसला? "म्हणजे गाडीच म्हातारी झाली आई. विकून टाक ना." बघा... आरोपी बदलला, आरोप तोच.

तिथून थेट सलीम भैयांच्या टायरच्या दुकानात. "मैडम, पुरानी गाड़ी है, थोड़ा-बहुत तो हिलेगी," असं म्हणत त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांचं बॅलन्सिंग पुन्हा केलं. मशीनवर दोन्ही चाकं अगदी सरळ फिरली. मी म्हटलं, भैया, आता गाडीवर लावा, जॅकवर उचला आणि मला फिरवून बघू द्या.

माझा स्वतःचा डायल गेज मी पर्समध्ये घालून नेला होता. घड्याळासारखा काटा असतो त्याला, केसाएवढा फरकही दाखवतो. उजवं चाक ठीक. डावं फिरवलं आणि काटा नाचायलाच लागला. मशीनवर सरळ, गाडीवर वाकडं... म्हणजे दोष चाकात नाही, चाक जिथे बसतं तिथे.

चाक काढलं. आतल्या लोखंडी हबवर काळ्या रंगाचा एक जाड ओघळ वाळून बसला होता. चाक त्याच्यावर टेकून तिरकं बसत होतं. सलीम भैयांनी विचारलं, "ये पेंट किसने मारा?"

मी मारला होता.

गेल्या महिन्यात नवे टायर बसवायला चाकं दुकानात दिली होती आणि गाडी दोन दिवस पोर्चमध्ये ठोकळ्यांवर उभी होती. फॅक्टरीत मोठे साहेब येणार म्हटलं की जे उघडं लोखंड दिसेल त्याला रंग मारायची आमची सवय. तोच हात शिवशिवला... ब्रश घेतला आणि जिथे रंगाचं काही कामच नाही तिथे फासला. त्यानंतर गाडी ऐंशीच्या पुढे नेली ती थेट गेल्या रविवारी. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडणारी बाई मी!

निखिलला हसू आवरेना. मला लाज वाटली, खरंच वाटली. पण तिथेच मोठ्याने सांगितलं की ही चूक अक्कल कमी पडल्याची आहे, वय जास्त झाल्याची नाही. तिशीत असते तरी हेच केलं असतं.

तो ओघळ मी स्वतः पॉलिश पेपरने घासून काढला. चाक बसवलं, पुन्हा मोजलं, काटा जागेवर. निखिलने किल्ली पुढे केली. मी पुन्हा पनागरपर्यंत नेली... ऐंशी, नव्वद... स्टिअरिंग गप्प. निखिल सीटला टेकून बसला. त्याची काळजी खोटी नव्हती, हे मला कळतं. त्याबद्दल त्याच्यावर राग नाही.

आता तुम्हाला खरं सांगते, जे त्याला अजून सांगितलं नाही. माझे हात थोडे थरथरतात. सुईत दोरा पूर्वी एका प्रयत्नात ओवला जायचा, आता तीन-चार लागतात. डॉक्टरांना दाखवलंय, दर सहा महिन्यांनी दाखवते. ते म्हणतात, सध्या गाडी चालवायला हरकत नाही. ज्या दिवशी हरकत असेल त्या दिवशी मी स्वतः नागपूरला जाऊन किल्ली निखिलच्या हातात ठेवीन.

पण ती मी द्यायची आहे... कोणी काढून घ्यायची नाही.