सोल्यांसाठी फ्रीज

आयुष्यभर मी मोटारी भरल्या. म्हणजे विहिरीवरची, बोअरमधली जळालेली मोटार खोलायची, आतली जळकी तांब्याची तार उपसायची आणि नवी भरायची. रिठदमध्ये आणि आजूबाजूच्या गावांत या कामात माझा शब्द शेवटचा, असं निदान मी तरी समजतो. त्यामुळे ऐन मे महिन्यात आमच्याच घरातला फ्रीज बसला, तेव्हा मला फ्रीजचाच राग आला. माझ्या घरात राहून बिघडतो म्हणजे काय!

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "अवो, बर्फाचं पाणी होऊन राह्यलं," ती म्हणाली. तिचा आवाज ऐकून मला वाटलं, घरात कुणाला ताप चढलाय.

"होऊ दे नं. माठातलं पाणी काय वाईट हाये?"

"पाण्याचं कोन बोलून राह्यलं? माहे सोले!"

मग मात्र मी उठलो.

हिवाळ्यात पुण्याहून लेकीचा फोन आला होता. तिला दिवस गेले होते आणि कशाचा म्हणून वास सहन होत नव्हता. एकच गोष्ट खावीशी वाटत होती, सोले. आमच्याकडे ओल्या तुरीच्या हिरव्या दाण्यांना सोले म्हणतात. वांग्यात घालून त्याची झणझणीत भाजी केली की माणूस एक भाकर जास्त खातो. पण लेकीला यायची सोय नव्हती. आधीच्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं, म्हणून या वेळी डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. "आई, माह्यासाठी सोले ठेवजो," एवढंच ती म्हणाली. बायकोनं शेतातून पाट्या भरभरून शेंगा आणवल्या, ओसरीत बसून नखं हिरवी होईस्तोवर सोलल्या आणि दाण्यांच्या पिशव्या बांधून फ्रीजरमध्ये रचल्या. आता डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर सातव्या महिन्यात लेक बाळंतपणासाठी यायची होती. त्या पिशव्या गेल्या, तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत सोल्यांचं तोंड दिसणार नव्हतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मूल जन्माला येईपर्यंत आमच्या घरात त्याच्यासाठी काही म्हणजे काही आणत नाहीत. टोपडं नाही, दुपटं नाही, साधा घुंगरू नाही. आधीच्या दुःखानंतर तर बायकोनं बाळाचं नाव घेणंच सोडलं होतं. ती म्हणायची 'पोरीची तब्येत', 'पोरगी येईल तवा'. त्याच्यापुढं एक शब्द नाही. मग आजीपण ठेवायचं तरी कुठं? ते सगळं तिनं त्या पिशव्यांमध्ये ठेवलं होतं. रोज फ्रीजर उघडायची, एकेक पिशवी अंगठ्यानं दाबून पाहायची, कडक आहे ना. "दार लाव, थंडी जाते!" म्हणून मी रोज ओरडायचो. ती रोज ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायची.

शेजारणीचा फ्रीजर लग्नाच्या पाहुण्यांसाठी गच्च भरलेला. मग मी रिसोडहून बर्फाची लादी आणली, थर्माकोलच्या डब्यात ती फोडून घातली, पिशव्या मध्ये दडपल्या आणि वरून पोतं गुंडाळलं. बर्फ टिकेल तोवर मला सवड होती. लेकीचं येणं दोन दिवसांवर आलं होतं.

फ्रीज भिंतीपासून ओढला आणि मागं बसलो. लाइट बरोबर येत होती. प्लग काढून परत लावला की खालचा कॉम्प्रेसर घुं घुं करत सुरू व्हायचा, थोडा वेळ चालायचा आणि आपला आपण बंद पडायचा. म्हणजे त्याच्यात जीव होता, त्याला कुणीतरी थांबवत होतं. प्लग काढून मी फ्रीजरच्या आतली मागची प्लास्टिकची पाठ खोलली. पंखा हातानं मोकळा फिरत होता. त्याच्या वर, नळीला चिमट्यानं अडकवलेला, तुरीच्या दाण्याएवढा पांढरा सेन्सर. आत किती थंडी झाली ते हा सांगतो आणि त्याच्या सांगण्यावर कॉम्प्रेसर चालतो किंवा थांबतो.

त्याचा जोड सोडवून दोन्ही तारांना मी मीटर लावला. सेन्सर बर्फात खुपसला, आकडा हलला नाही. मुठीत धरला, तरी तोच आकडा. मी खूश! मोटारीच्या तारेवर मीटर लावला आणि आकडा नाचायला लागला, तर समजायचं की आत कुठंतरी तार सुटली. आकडा जागेवर ठाम राहिला, की माल चांगला. इतकी वर्षं याच हिशेबानं लोकांच्या विहिरी चालवल्या.

"सेन्सर ठणठणीत हाये," मी जाहीर केलं. "फ्रीज चालवनारं सर्किटचं कार्ड गेलं. वाशीमले जाऊन नवं कार्ड आनतो."

बायको डब्यावरचं पोतं सारखं करत होती. "ते दाण्यासारखं कायले असते?"

"आत थंडी किती हाये ते पाहाले."

"मंग बर्फात खुपसलं तं त्याले थंडी नाही लागली. तुमच्या मुठीत धरलं तं गरमी नाही लागली. ते पाहून काय राह्यलं?"

मी मीटरवरच्या त्या ठाम आकड्याकडं पाहिलं. अरे बापा! हा तर मेलेला होता, म्हणून ठाम होता. फ्रीजर आतून तापला तरी हा आपला सांगत होता की थंडी पुरे झाली, आणि बिचारा कॉम्प्रेसर त्याचं ऐकून गप्प बसत होता. बायको माझ्याकडं पाहत होती.

"तू च्या ठेव," मी म्हणालो.

"ठेवतो. पन तो दाणाच बदला," ती म्हणाली आणि हसू दाबत आत गेली.

जुना सेन्सर नमुना म्हणून खिशात टाकला आणि मोटारसायकलीवर वाशीम गाठलं. दुकानदारानं तसाच सेन्सर काढून दिला. आता मी कुणावर विश्वास ठेवतो होय! तिथंच मीटर लावला. याचा हिशेब उलटा असतो, गरमीत आकडा उतरतो; मुठीत धरला, आकडा झरझर उतरला. दुकानातल्या पाण्याच्या गार बाटलीला टेकवला, आकडा चढला. पुन्हा मूठ, पुन्हा बाटली. इतकुसा तो दाणा, पण त्याला सगळं समजत होतं. मला त्याचं भारीच कौतुक वाटलं.

"काका, घेता का खेळता?" दुकानदार म्हणाला.

"खेळून घेतो," मी म्हणालो.

घरी येऊन जुन्या तारा कापल्या, नव्या जोडल्या, जोडाला कथलाचा डाग दिला. फ्रीजरमधलं पाणी जोडात शिरू नये म्हणून वर प्लास्टिकची नळी चढवून ती तापवून घट्ट केली. सेन्सर चिमट्यात जागच्या जागी बसवला, पाठ लावली, प्लग घातला. कॉम्प्रेसर सुरू झाला. या वेळी तो थांबला नाही. मी खुर्ची घेऊन समोर बसलो. बायको फ्रीजरमध्ये वाटीभर पाणी ठेवून गेली आणि दर थोड्या वेळानं येऊन म्हणायची, "पाहू का?" मी म्हणायचो, "खबरदार!" शेवटी मलाच राहवलं नाही. दार उघडलं, तर वाटीवर पातळ साय धरावी तसा बर्फ आला होता. बायकोनं बोट लावलं आणि तिचे डोळे भरून आले. मी उठून थर्माकोलचा डबा तिच्यापुढं आणला.

वरची एक पिशवी तेवढी मऊ पडली होती. ती पुन्हा ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्याच दिवशी भाजी झाली. "पोरीच्या आधी मी कशी खाऊ?" म्हणून बायकोनं तोंडात दाणा घातला नाही. मी खाल्ली, खोटं कशाला बोलू. बाकीच्या पिशव्या दगडासारख्या कडक होत्या.

लेक आली. चेहरा उतरलेला, पाय सुजलेले, पोट मात्र छान पुढं आलेलं. ते पाहून मला इतकं बरं वाटलं की मी जावयाला उगीचच गाडीच्या टायरमधल्या हवेबद्दल विचारत बसलो. बायकोनं तिला हातपाय धुवायला लावले आणि ताट वाढलं. सोले-वांगं, ज्वारीची भाकर, कांदा. लेकीनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मग ती जेवत राहिली. बायको समोर बसून तिचा एकेक घास पाहत होती, जणू घास तिच्याच पोटात पडत होता.

मध्येच लेकीचा हात थांबला. बायकोचा चेहरा पांढरा पडला.

"काय झालं वं?"

"काही नाही, आई." लेकीनं डावा हात पोटावर ठेवला आणि हसली. "लाथ मारली."

बायकोनं त्या हाताकडं पाहिलं. मग हळूच पुढं सरकली, आपला हात लेकीच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "आवडले वाटते त्याले सोले."

त्याले! इतक्या महिन्यांत आमच्या घरात पहिल्यांदा कुणी त्याचं नाव काढलं होतं. मी उठलो, फ्रीजर उघडला, एकेक पिशवी अंगठ्यानं दाबून पाहिली.

"दार लावा, थंडी जाते," बायको तिकडून ओरडली.

"लय पिशव्या हायेत म्हना त्याले," मी म्हणालो. "सावकाश ये म्हना. फ्रीज चालू हाये."