पेट्रोलची लाइन अजून कोरडीच आहे

कावळा शिवला नाही.

आज दांडेकर काकांचा दहावा. क्षिप्रेच्या घाटावर पिंड ठेवून आम्ही लांब उभे राहिलो.
मुलगा म्हणाला, आईला सांभाळीन.
काकू म्हणाल्या, औषधं वेळेवर घेईन.
कावळे कठड्यावरच.

रेल्वेतून रिटायर झाल्यावर काकांनी नानाखेड्याच्या घरी, गॅरेजमध्ये, दोन सीटचं विमान बांधायला घेतलं. कॉलनी हसली. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, मेकॅनिकल, नोकरी नाही. मी हसले नाही, म्हणून इंजिनची पेट्रोल लाइन माझ्याकडे आली.

फ्रीगंजमधला दुकानदार फिटिंग फक्त त्यांनाच दाखवायचा. काका म्हणाले, "भैया, मॅडम से पूछो. मैं तो हेल्पर हूँ."

टाकी खाली पंखात, इंजिन वर. काकांना लाइन जवळच्या रस्त्याने हवी होती, सायलेन्सरला लागून. मी अडून बसले. आपल्याकडच्या मे महिन्यात तिथे पेट्रोलची वाफ होईल, इंजिन हवेतच बंद पडेल. काका चिडले, दोन दिवस बोलले नाहीत.
मग स्वतःच लांब पाइप घेऊन आले.
"तुझ्या रस्त्याने. पण बोलू नकोस, चालवून दाखव."

टेस्ट साधी होती. विमानाचं नाक वर करायचं, कार्ब्युरेटरपाशी पाइप सोडवायचा, पंप लावायचा आणि मिनिटाला किती पेट्रोल येतं ते मोजायचं. काकूंनी दुधाचं माप दिलं. म्हणाल्या, आता हे परत आणू नका.
रविवारी करणार होतो.
शनिवारी काका गेले.

आज घाटावर मीही पुढे झाले. म्हटलं, काका, लाइन मी चालवून दाखवीन.
एकही कावळा हलला नाही.
नुसत्या शब्दावर त्यांनी कधी विश्वास ठेवला होता?
शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला.

परतताना मुलाने हळूच सांगितलं, घर विकतोय, आईला पुण्याला नेतोय. गॅरेज या आठवड्यात रिकामं करायचंय. भंगारवाल्याशी बोलणं झालंय.
मी इंजिन मागितलं. तो म्हणाला, घेऊन जा, पण लगेच.
आमचं घर दोन खोल्यांचं. बाबा म्हणाले, "ठेवणार कुठे, बेटा?"

उज्जैन, देवास, इंदूर, कुठेही चालेल. कोणाकडे शेड आहे का? पत्र्याची असली तरी चालेल. इंजिन, टाकी आणि माझी लाइन, एवढंच ठेवायचंय.
प्लीज. घाटावरून आल्यापासून सगळ्यांना फोन करतेय.

काका, दुधाचं माप मी घरी आणलंय.
कोरडं आहे.
नमस्कार करते.