देल्फीनाच्या वाट्याचा बुधला

देल्फीना बोरेल्लो माझ्या खांद्याला जेमतेम लागायची, पण ताठा असा की कारखान्याच्या मालकाने तिच्याकडून उसना घ्यावा. इटलीतल्या तोरिनो शहरात, मोटार कारखान्याच्या शिवणखात्यात, माझं मशीन तिच्या मशीनला लागून होतं. सीटची कव्हरं, दारांची अस्तरं आम्ही बायका शिवायचो. पुरुष म्हणायचे, गाडी आम्ही बनवतो. देल्फीना म्हणायची, "बनवा की, आणि मग बसा पत्र्यावर."

ती लांगेच्या टेकड्यांतल्या रोक्कामोला गावची. वडिलांचा द्राक्षमळा होता. मरताना त्यांनी दोन्ही पोरांना जवळ बोलावून सांगितलं होतं, मळा बातिस्ताचा. पण देल्फीना कुठेही राहो, दर वर्षीच्या वाइनचा एक बुधला तिचा. आमच्याकडचा बुधला म्हणजे वेताच्या टोपलीत बसवलेला, पोट सुटलेला काचेचा राक्षस. भरला की दोन गड्यांनाही घाम फोडतो. बातिस्ताने, तिच्या थोरल्या भावाने, बापाचा शब्द मोडला नाही. त्याला फक्त एक शेपूट जोडलं. "बुधला तिचाच. पण न्यायचा तिने, आपल्या चाकांवर. मी काही तिचा हमाल नाही."

आता शिवणखात्यातल्या बाईकडे कुठली आलीत चाकं? बसवाला बुधला लांबून बघूनच दार लावून घ्यायचा. दर नोव्हेंबरात, सान मार्तिनोच्या सणाला, नवी वाइन चाखायला ती गावी जायची आणि पिशवीत दोन बाटल्या घालून परत यायची. निघताना बातिस्ता हमखास म्हणायचा, "बाकीची तुझीच आहे गं, ने की कधीही!" आणि तळघरातली सगळी मंडळी हसायची. वाइनचं दुःख नव्हतं. वाइन काय, तोरिनोत कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. त्या घरात आपण पाहुणी झालो, हे तिला सलायचं. मी तर त्या बातिस्ताला पाहिलंही नव्हतं, तरी त्याच्या नावाने बोटं मोडायचे.

अशात कारखान्यात नव्या गाडीची कुजबुज सुरू झाली. स्कूटरवर पुढे पोरगं, मागे बायको असा संसार घेऊन भिजत जाणाऱ्या माणसाला झेपेल अशी गाडी. पहिल्यांदा ती अंगणात पाहिली तेव्हा मला वाटलं, मुलांच्या जत्रेतली कुणी चोरून आणलीय. इंजीन मागे, दोनच सिलिंडरचं, वाऱ्यावर थंड होणारं. त्यामुळे पाणी नाही, रेडिएटर नाही. पुढे नाक म्हणून जे होतं त्यात पेट्रोलची टाकी आणि जादा चाक. दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, म्हणजे स्कर्ट घालून उतरायचं तर बघ्यांना फुकटचा तमाशा. आणि पत्रा वाचावा म्हणून छत कापडाचं, पार मागच्या इंजिनापर्यंत गुंडाळत जाणारं. ते छत शिवायला आमच्याकडे आलं.

गाडी बाजारात आली आणि आपटली. मागे गादी नव्हती, नुसता ओटा. दारांच्या काचा खाली होत नव्हत्या. इंजीन दमेकरी. लोक यायचे, तिच्या पाठीवर थाप मारायचे आणि स्कूटरवर बसून निघून जायचे. आता आपल्याला घरी बसवतात की काय, म्हणून शिवणखातं गप्प झालं. पण साहेबलोकांना लवकर शहाणपण सुचलं. काचा खालीवर करायला हँडल आलं, इंजिनात थोडा जीव आला आणि मागे खरी गादी आली. आमच्या खात्यातली पहिली गादी देल्फीनाने शिवली, गाडीत घालून तिच्यावर बसून पाहिली, मग उभी राहिली आणि उघड्या छतातून डोकं बाहेर काढून म्हणाली, "तेर्सिला, ही मी घेणार."

"तुला चालवता कुठे येते?"

"बातिस्ताला तरी गाता कुठे येतं? गातो की."

साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं तिने त्या गाडीत घातलं. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे, नाहीतर आतून कुणीतरी दात खाल्ल्यासारखा आवाज येई. तो आवाज आमच्या गल्लीने बरेच दिवस सोसला. शेवटी परवाना हातात आला आणि सान मार्तिनोच्या सकाळी, धुक्यात, आम्ही दोघी निघालो.

बोरेल्लोंचं घर गावाच्या तळाशी. तिथून हमरस्त्याला यायला एकच वाट, चिखलाची आणि अंगावर येणारी. डॉक्टरांची मोठी गाडी तिथे दर वेळी उकळायची. आम्ही खाली उतरलो तेव्हा अर्धं गाव अंगणात चेस्टनट भाजत होतं.

बातिस्ताने गाडीभोवती एक चक्कर मारली. "देल्फी, ही चालत आली की खिशात घालून आणलीस?"

"चाकं मोज," देल्फीना म्हणाली. "चार आहेत. बुधला आण."

पिनोत लोहार डोळे पुसून पुसून हसत होता. "अगं बाई, या दारातून तू कशीबशी शिरतेस. बुधला कुठून शिरणार?"

बातिस्ताने मोठ्या तोऱ्यात बुधला भरवून आणला. दाराशी लावला, अडकला. तिरका करून पाहिला, अडकला. "मी तर द्यायला तयार होतो हं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आता तिचं नशीबच तोकडं." त्याच्या तोंडावरचं समाधान पाहून मला चेस्टनटची गरम कढई त्याच्या डोक्यावर उपडी करावीशी वाटली.

देल्फीना गाडीकडे वळली. तिने छताचे खटके सोडले आणि ते कापड मागे गुंडाळत नेलं, पार शेवटपर्यंत. गाडी वरून सताड उघडी पडली.

"वरून सोडा," ती म्हणाली. "विहिरीत बादली सोडतात तसा. काय रे पिनोत, हात दुखतात?"

हसणं थांबलं. चौघांनी दोर लावून बुधला उचलला आणि मागच्या गादीवर अलगद बसवला. तो असा चपखल बसला की जणू गादी त्याच्याच मापाने शिवली होती.

"बसवलास खरा," बातिस्ता म्हणाला, "पण चढाचं काय? तिथे डॉक्टरांची उकळते."

"हिच्यात पाणीच नाही, उकळणार काय?" मग माझ्याकडे वळून, "तेर्सिला, तू उतर."

"मी? वाइन गाडीत बसणार आणि मी चिखल तुडवणार?"

"वाइनला पाय नाहीत गं."

मी उतरले. सगळं गाव माझ्याबरोबर वाटेच्या कडेने चढू लागलं. पहिल्या गिअरमध्ये ठकठक करत ती इवलीशी गाडी पुढे. मधल्या वळणावर चिखलात चाकं गरगरली, गाडी थांबली आणि हातभर मागे सरकली. "सोड गं, बैल आणतो!" बातिस्ता ओरडला. देल्फीनाने मान वळवली नाही. इंजिनाचं आणि बुधल्याचं सगळं ओझं मागच्या चाकांवर होतं. ती चाकं चिखलात रुतली, खालच्या दगडाला भिडली, आणि गाडी पुन्हा चढायला लागली. उकळली नाही, पुन्हा थांबली नाही. वर हमरस्त्याला पोचून देल्फीनाने हॉर्न दाबला तो सोडेचना. मी वयाला न शोभेल अशी चिखलात नाचले. पिनोत लोहाराने टोपी काढली.

बातिस्ता सगळ्यांच्या शेवटी, धापा टाकत वर आला. शाबासकी देईल तर तो बातिस्ता कसला! सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. त्याने बुधल्याचं बूच दाबून पाहिलं, टोपलीचा दोर ओढून पाहिला.

"मार्चमध्ये, उतरत्या चंद्राला, बाटल्या भरशील ना?"

"भरीन."

"तेव्हा मला बोलाव. बाबांच्या मळ्यातली आहे. तुम्हा शहरवाल्यांना बुचं बसवता येत नाहीत."

"बोलावते. पण बसमध्ये चढलास की तुला उलट्या होतात. येशील कसा?"

बातिस्ता टोपी हातात चुरगाळत उभा राहिला. मग रस्त्याकडे बघत म्हणाला, "तू न्यायला ये की. चाकं तुझ्याकडे आहेत."

देल्फीना हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आणि देवाशपथ सांगते, तो मेला बातिस्ता मला त्या क्षणी बरा वाटला.