रुद्रय्याचा बोर्ड आणि पन्हाळ्याचा चढ

मंगळवार पेठेत रुद्रय्या हिरेमठाचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, एक भट्टी आणि मालकाचा अहंकार. त्यांत सगळ्यात जास्त जागा अहंकारानं खाल्ली होती.

शहाण्णव साली कागलच्या जोतीरामानं आजोबांची उघडी मोटार त्याच्या दारात आणली. पस्तीस सालची, दिसायला राजबिंडी; पण चढ दिसला की तोंडातून वाफा सोडायची.

"रुद्राण्णा, जमंल का? न्हायतर पुण्याला न्हेतो."

पुण्याचं नाव रुद्रय्याला शिवीसारखं लागलं. "पन्हाळ्याच्या घाटात हिचं पाणी उकळलं, तर दुकानाचा बोर्ड उतरवीन! चाळीस वर्सांचा हाय त्यो."

पुढचे तीन आठवडे त्यानं एकेक नळी साफ केली, गळक्या जागी झाळ दिली. चाचणीच्या सकाळी निम्मी पेठ मोटारसायकलींवरून घाटाच्या पायथ्याशी, वाघबिळाला हजर. फुकटचा खेळ कोण सोडतो? रुद्रय्यानं नारळ फोडला आणि मोटारीच्या तोंडावर मनगटाएवढा जाड झेंडूचा हार चढवला. एक नव्हे, तीन पदरी.

"अवो, जाळी दिसंना की," बायको नीलम्मा म्हणाली.

"मानाचा हार हाय. गप बस."

जोतीरामानं मोटार घाटात घातली आणि दुसऱ्याच वळणावर वाफेचा पडदा उघडला.

"आण्णा, च्या टाका आता!" मागून कुणीतरी ओरडलं.

संवाद विसरलेल्या राजासारखा रुद्रय्या रस्त्यात उभा राहिला. मग त्यानं पेट्रोलला दोष दिला, जोतीरामाच्या गिअरला दिला, शेवटी घाट बांधणाऱ्यालाही सोडलं नाही. नीलम्मा मागच्या जीपमधून उतरली. तिनं हाराला हात लावला.

"फुलं शिजल्यात," ती म्हणाली आणि हार ओढून काढला. जाळीत वारा शिरायला बोटभर जागा उरली नव्हती. तो हार तिनं त्याच्याच हातात दिला. रुद्रय्याला तेच जास्त झोंबलं.

इंजिन निवल्यावर पाणी भरलं आणि मोटार हाराविना निघाली. थेट गडावर पोचली. वाफेचा धागासुद्धा नाही.

"उकळलं न्हाय म्हणू की आण्णा," जोतीराम म्हणाला.

"उकळलं. समद्यांनी बघितलंय."

संध्याकाळी रुद्रय्यानं स्वतः शिडीवर चढून बोर्ड उतरवला. दोन दिवस पेठेला चुकल्याचुकल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी तोच बोर्ड ताज्या रंगात परत लागला. नावाखाली लाल अक्षरांत नवी ओळ होती : 'चाचणीच्या दिवशी मोटारीला हार घालू नये.'

नीलम्मानं मान वर करून सावकाश वाचलं. "हे कुणी शिकीवलं, त्येचं नाव न्हाय टाकलं व्हय?"

रुद्रय्या ब्रश घेऊन पुन्हा शिडी चढला.