ती हरवली नव्हती, नाशिकला गेली होती

ती घटना आठवली की आजही मला आधी राग येतो, तपशील मागाहून आठवतात. पस्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावाला फसवणारे पाहिले; पण त्यांच्यापैकी कोणावर मी इतका चिडल्याचं स्मरत नाही. इथं तर गुन्हाच घडला नव्हता. एक बाई काही दिवस आराम करायला गेली होती, एवढंच. त्यात एका निरपराध माणसाची रोजी गेली, आणि ती घालवण्यात माझाही हात होता. नावं कोणाचीच देत नाही.

तेव्हा मी रायपूरच्या जुन्या वस्तीतल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्याकडे त्या पदाला टीआय म्हणतात. सोमवारी सकाळची हजेरी आटोपून मी रोजनामचा पाहत होतो, तेवढ्यात एक चाळिशीचा गृहस्थ धावतपळत आला. ओळखीचा होता. गणपतीच्या मांडवात, सत्यनारायणाच्या जेवणात भेटणारं आपलं मराठी घर. वडील रेल्वेत होते, ते वारले. आईही रेल्वेच्याच कार्यालयातून निवृत्त झालेली, वय बासष्ट. मुलगा शहराबाहेरच्या उरला या कारखान्यांच्या वसाहतीत एका रोलिंग मिलमध्ये मॅनेजर.

"काका, आई घरात नाही," तो म्हणाला. "सकाळी उठून पाह्यलं तं बिस्तर रिकामं. फोन घरीच पडून आहे. कुठं न सांगता जात नाही ती."

मी लगेच गुम इंसानची नोंद घ्यायला लावली. हरवलेल्या माणसाच्या नोंदीला आमच्याकडे हेच नाव आहे. फोन घरी राहिला, ही गोष्ट मला खटकली. आपल्या मर्जीनं जाणारी बाई फोन मागे ठेवत नाही, असं मी त्या वेळी छातीठोकपणे म्हणालो होतो. पोलिसाचा अनुभव हा असा अंगलट येतो. शिवाय तक्रार करणारा आपला माणूस होता. एखाद्या हमालाची आई हरवली असती तर मी इतक्या तातडीनं माणसं पिटाळली असती का, हा प्रश्न त्या दिवशी मला पडला नाही, ही माझी पहिली चूक.

दुपारपर्यंत गल्लीच्या तोंडावरच्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यात ती दिसली. सकाळची साडेपाचची वेळ, हातात बॅग, ऑटोत बसते आहे. ऑटोचा नंबर स्पष्ट होता. तासाभरात आमचे लोक ऑटोवाल्याला घेऊन आले, तेही शाळेच्या फाटकासमोरून, आयांच्या डोळ्यांदेखत.

हा ऑटोवाला पन्नाशीचा छत्तीसगढी माणूस. त्याचा खरा धंदा शाळेतल्या मुलांचा होता. एकाच पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, सात घरांची सात मुलं तो रोज सकाळी न्यायचा आणि दुपारी आणून सोडायचा. आयांनी डोळे मिटून विश्वास ठेवावा असा माणूस. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की मी विचारतोय आणि हा मान खाली घालून गप्प बसलाय.

"अम्माजीला कुठं नेलं?"

"नइ जानंव साहब." माहीत नाही म्हणे.

"तुझ्या ऑटोत बसताना दिसते आहे."

आमच्या प्रधान आरक्षकानं, म्हणजे हवालदारानं, एक थप्पड लगावली. मी समोर होतो. मी त्याला थांबवलं, पण थप्पड बसल्यावर. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आठवणी लिहायच्या आणि फक्त शाबासकीच्या लिहायच्या, हा प्रकार मला पटत नाही.

त्याला आम्ही बसवून ठेवलं. 'बसवून ठेवणे' हा प्रकार तुम्हाला कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. अटक नाही, कागद नाही. रात्री घरी सोडायचं, सकाळी पुन्हा बोलवायचं आणि दिवसभर बाकावर बसवायचं. येणारेजाणारे पाहतात. गावात तेवढं पुरतं.

मंगळवारी सकाळी तो बोलला. "दाई ला स्टेशन म छोड़े हंव साहब. दाई कहे रिहिस, कोनो ल झन बताबे." दाई म्हणजे आई; अम्माजींना स्टेशनवर सोडलं आणि त्यांनीच सांगितलं होतं की कोणाला सांगू नको. दिलेला शब्द त्यानं एक दिवस आणि एक थप्पड सोसून पाळला होता. पण पहिल्यांदा खोटं बोललेला माणूस दुसऱ्यांदा खरं बोलला, तरी पोलिसाला त्याचं दुसरं वाक्यही खोटंच वाटतं. स्टेशनच्या दोन कॅमेऱ्यांत ती दिसली नाही. तिसरा बंद होता. बंद कॅमेऱ्याचा दोष आम्ही ऑटोवाल्याच्या माथी मारला.

त्या संध्याकाळी मुलगा ठाण्यात आला. माझ्यासमोर बसून त्यानं चहा घेतला. चार हातांवर बाकावर ऑटोवाला बसला होता. त्याच्याकडे एक नजर टाकून मुलानं मला हळूच विचारलं, "यानं काही कबूल केलं काय, काका?" हे वाक्य लक्षात ठेवा. मी तर ते मरेपर्यंत विसरणार नाही.

बुधवारी सकाळी ठाण्याच्या फाटकाशी एक बाई घुटमळताना दिसली. आत बोलावलं. ती अम्माजींच्या घरी धुणीभांडी करणारी होती आणि ऑटोवाल्याच्याच पाऱ्यात राहायची. तिनं मागचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "साहब, मेरा नाम मत लेना. काम छूट जाएगा. पर आपने अम्माजी की कॉपी देखी क्या?"

"कसली कॉपी?"

"चूल्हे के पास रखी थी. ऊपर अखबार पड़ गया था. सोमवार दोपहर को मैंने ही उठाके भैया को दी. भैया ने पढ़ी और बैग में डाल ली."

सोमवारी दुपारी. म्हणजे आमचे लोक शाळेसमोरून ऑटोवाल्याला उचलत होते, त्याच सुमारास. आधी वाटलं, बाई काहीतरी घोळ करते आहे. पण वहीचं कव्हर निळं, वर रेल्वेच्या कार्यालयाचा शिक्का, इतकं तिनं सांगितलं. खोटं सांगणारा माणूस शिक्क्यापर्यंत जात नाही.

मी जीप काढली आणि उरल्याला गेलो. मिलच्या आवारात ट्रकांची रांग, धुळीनं पांढरी झालेली झाडं, आणि काचेच्या थंडगार केबिनमध्ये आमचे चिरंजीव. मी बसलो नाही.

"आईची वही दे."

त्याचा चेहरा उतरला. "कोणती वही, काका?"

"निळी. शिक्क्याची. आणि आता काका नको म्हणू, साहेब म्हण."

त्यानं टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडला. वही तिथंच होती. पहिल्या पानावर मोठ्या, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'मी नाशिकला जाते आहे. शनिवारी परत येईन. काळजी करू नका, शोधू नका. फोन मुद्दाम घरी ठेवला आहे. कुकरची नवी रिंग डाव्या ड्रॉवरमध्ये आहे.'

पुढची पानं मी उभ्याउभ्याच वाचली. तब्बल वर्षभराची आखणी होती. नाशिकजवळ द्राक्षांचे मळे आहेत, तिथं वाइन बनते आणि मळ्यातच राहायची, मालिश करून घ्यायची सोय असते. त्या जागेचा पत्ता, फोन, गाडीची वेळ, नागपूरहून डब्यात चढणाऱ्या जुन्या सहकारी मैत्रिणीचं नाव, गुडघ्याला कोणतं तेल चालतं याची चौकशी, सगळं नीट नोंदलेलं. मग दिवसवार बेत. 'मंगळवार: कोणी उठवायचं नाही. मालिश. दुपारी काहीही करायचं नाही. बुधवार: पुन्हा तेल, मग गरम पाण्यात बसणे. वाइन चाखून पाहणे (थोडी). गुरुवार: पूर्ण दिवस मळ्यात नुसतं बसणे.' आणि समासात, बहुधा स्वतःसाठीच, लिहिलेलं एक वाक्य: 'सासूबाईंना नऊ वर्षं तेल लावलं, पोरांना लावलं, नातवंडांना लावलं. एकदा कोणी मला लावावं.'

मी वही मिटली. "हे सोमवारी वाचलंस?"

"हो."

"मग सांगितलं काहून नाही?"

"साहेब, तुम्हीच विचार करा ना. तोवर साऱ्या नातेवाइकांना फोन झाले होते. आता काय सांगू, माझी आई दारूच्या मळ्यात मालिश करून घेऊन राहिली? बिरादरीत तोंड दाखवायला जागा राह्यली असती काय? तिनं मागं एकदा जेवताना विषय काढला होता, तवा मीच म्हटलं होतं, या वयात हे काय खूळ." मग तो थोडा सावरला. "आणि शनिवारी ती येऊनच राहिली होती ना. म्हटलं, आली की सांगू मावशीकडे गेली होती. तुमची केस बी बंद."

"आणि तो ऑटोवाला?"

"त्याला तुम्ही सोडलंच असतं ना मग. त्याचं काय बिघडलं?"

माझा हात उठला होता. प्रधान आरक्षकाची थप्पड आठवली म्हणून खाली आला. आई पळवून नेली असं लोकांनी म्हटलं तरी याला चालत होतं, उलट चार लोक सांत्वनाला येत होते. आई आपल्या पायांनी, आपल्या मर्जीनं सुखासाठी गेली, हे मात्र चालत नव्हतं. लाज कशाची वाटावी हे ज्याला कळत नाही, त्याला शिकलेला तरी कसं म्हणायचं?

केबिनमधूनच मी वहीतला नंबर लावला. तिकडची मुलगी अदबीनं म्हणाली, "मॅडम आत्ता तेलात आहेत, अर्ध्या तासानं फोन करा." त्याही परिस्थितीत मला हसू आलं. अर्ध्या तासानं ती फोनवर आली. मी सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल, घाबरेल. ती एवढंच म्हणाली, "तो ऑटोवाला भैया आत्ता कुठं आहे?"

"ठाण्यात. आता सोडतो."

"थांबा, मी येते."

"ताई, तुम्ही शनिवारपर्यंत राहा. तुमचा बेत—"

"बेत गेला चुलीत. माझा शब्द पाळला म्हणून त्यानं मार खाल्ला, आणि मी इथं बसू काय?"

ठरल्या दिवसांपैकी तिला दीड दिवस मिळाला. गुरुवारचं नुसतं बसणं तिनं गाडीच्या डब्यात केलं. त्या बाईच्या अख्ख्या आयुष्यातल्या एका मोकळ्या दिवसाचा आम्ही सर्वांनी मिळून असा निकाल लावला.

ठाण्यात परत येऊन मी ऑटोवाल्यासमोर उभा राहिलो आणि माफी मागितली. वर्दीतल्या माणसाला हे जड जातं, पण मागितली. त्यानं हात जोडले नाहीत, डोळे वर केले नाहीत. म्हणाला, "मोला माफी नइ चाही साहब. मोर लइका मन ला लहुटा दव." माफी नको, माझी मुलं परत द्या. दोन दिवसांत सातही घरांनी मुलांसाठी दुसरा ऑटो लावला होता. ज्याला पोलीस शाळेसमोरून उचलतात, त्याच्या हाती पोर कोण देईल?

शुक्रवारी सकाळी ती स्टेशनवरून थेट ठाण्यात आली. मुलगा घ्यायला गेला होता. त्याच्या गाडीत ती बसली नाही. जबाब नोंदवला, गुम इंसान मिळाल्याची नोंद झाली, सही झाली. मी म्हटलं, आता घरी जाऊन आराम करा.

"घरी नंतर," ती म्हणाली. "आधी त्या सात घरी जायचं. तुम्हीही चला. आणि वर्दीत चला. नेलं तेव्हा वर्दीतच नेलं होतं ना?"

मला सबबी सुचल्या. बंदोबस्त होता, साहेबांची बैठक होती. ती दाराकडे निघाली. मी टोपी उचलली.

ऑटोवाल्याला तिनं बोलावून घेतलं होतं; त्याच्याच ऑटोत मागे आम्ही दोघं बसलो. प्रत्येक दारात ती स्वतः घंटी वाजवायची आणि शब्दही न बदलता सांगायची, "मी हरवले नव्हते. नाशिकला गेले होते, मालिश करून घ्यायला. यानं मला सुखरूप स्टेशनवर सोडलं. माझ्याच सांगण्यावरून गप्प राहिला, म्हणून मार खाल्ला. चूक माझ्या घरच्यांची आणि या साहेबांची आहे." मग माझ्याकडे वळायची. मी म्हणायचो, "हो, चूक आमची." सातही वेळा म्हणालो. पहिल्या दोन दारांना जीभ जड झाली होती.

एका घरची तरुण सून मराठीच, पण बोलली हिंदीत. "आंटी, वो तो ठीक है. पर आप वहाँ... वाइन भी?"

"हो, दोन ग्लास. चांगली होती. उद्यापासून पोरीला याच्यासोबत पाठवतेस का, ते सांग."

ती सून आत वळून मुलीला म्हणाली, "कल से अंकल आएँगे."

चार घरांनी मुलं परत दिली. तीन घरांनी चहा दिला, गोड बोलले, आणि मुलं दिली नाहीत.

मुलानं माहिती दडवली म्हणून मी कारवाईचा प्रस्ताव पाठवला. वरून उत्तर आलं, कौटुंबिक बाब आहे, समज देऊन सोडावे. त्याला समज दिली. ऑटोवाल्याला मारलं, तीन दिवस बेकायदा बसवून ठेवलं, हे मी माझ्या अहवालात लिहिलं होतं. त्यावर तर उत्तरच आलं नाही. माझी बढती वेळेवर झाली.

त्यानंतर हरवलेल्या माणसाची तक्रार आली, की 'शेवटचं कोणी पाहिलं' याच्या आधी मी घरच्यांना विचारू लागलो, 'लोकांना कळू नये असं काय आहे?' बहुतेक वेळा उत्तर तिथंच मिळायचं. एवढं साधं शिकायला मला पस्तीसपैकी एकतीस वर्षं लागली, आणि त्या शिकवणीची किंमत मी भरली नाही. ती ऑटोवाल्यानं भरली. त्या तीन घरांची मुलं एव्हाना कॉलेजात गेली असतील. ज्याच्या त्याच्या आईनं सांगितलं असेल, की लहानपणी एक ऑटोवाला होता, त्याला पोलिसांनी नेलं होतं. का नेलं होतं, हे ती सांगणार नाही.