कमरेमागची उशी

फणसवाडीतल्या आमच्या शेजारच्या कारकून काकांची पाठ सतत दुखे. ठाकूरद्वारच्या गादीवाल्याकडे उशी घ्यायला गेले तेव्हा ते एकेक उशी कमरेमागे धरत, डोळे मिटत आणि होडीत बसल्यासारखे डुलत राहत. मऊ उशा त्यांनी परत केल्या. कमरेच्या खळग्यात नीट बसेल अशी, जरा घट्ट भरलेली घेतली.

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहाला ते तीच काखोटीला मारून आले. आम्ही पोरं घोषणा देत होतो. ते उशी सांभाळत उभे होते.

काकांना पकडताना हवालदार हसला. "काय काका, तुरुंगात झोपायला निघालात?"

"बसायला," काका म्हणाले. "उद्या तुम्ही माफीनामा पुढे कराल. पाठ दुखते म्हणून सही करून सुटावंसं वाटायला नको."

हवालदारानं त्यांना गाडीत टेकायला मिळेल अशी कोपऱ्यातली जागा दिली.