डावं मडगार्ड

वाळूजच्या एका कारखान्यात मी डाय डिझाइनचं काम करते. डाय म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारा साचा. मी तो संगणकावर काढते. पत्रा कुठं ताणला जाईल, कुठं फाटेल, हे मला पडद्यावर रंगांत दिसतं आणि मग साचा घडवतं कुणीतरी दुसरंच. इतक्या वर्षांत मी स्वतः पत्र्यावर हातोडा मारलेला नव्हता. त्यामुळे अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जुन्या गाडीचं डावं मडगार्ड गंजून खालून गळायला लागलं तेव्हा "मी घरीच बनवते" असं मी का म्हणाले, ते मला आजही नीटसं सांगता येत नाही.

गाडी पांढरी. मी शाळेत असताना अण्णांनी ती छावणीतल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून घेतली. त्याची बदली झाली होती. "साहेबानं लेकरासारखी जपली, आन् मीबी. एक पोचा दाव मला," हे अण्णांचं ठरलेलं बोलणं. ह्या गाडीचं मडगार्ड आता कुठं मिळत नव्हतं. गॅरेजमधला डेंटर म्हणाला, तुकडे जोडतो आणि वरून लांबी भरतो. लांबी म्हणजे खड्डे बुजवायचा लेप. अण्णांनी तिथंच मान हलवली. "लेप नको. पत्र्याचं काम पत्र्यानंच होऊ दे."

आमच्या पडेगावच्या घराच्या पोर्चमध्ये काम सुरू झालं. अण्णा आणि आई पलीकडच्याच गल्लीत राहतात, त्यामुळे अण्णा सकाळी चहा घेऊन झाला की हजर. वखारीतून बाभळीचा ओंडका आणला आणि त्याच्या माथ्यावर वाटीसारखा खळगा कोरला. छावणीतल्या एका चपला शिवणाऱ्याकडून जाड चामड्याची पिशवी करून घेतली, तिच्यात चाळलेली वाळू भरली. पत्रा ह्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीनं ठोकायचा, म्हणजे तो हळूहळू खोलगट होतो.

"अगं, पिठाची चाळणी कुठंय?" त्या दिवशी नवऱ्यानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"वाळूत."

त्यानं भात टाकला.

पहिला तुकडा ठोकला तर मधे छान खोलगट झाला, पण कडा तळलेल्या पापडासारख्या वाकड्यातिकड्या. असं का होतं, हे मला पाठ होतं. कारखान्यात ह्याच विषयावर मी नव्या पोरांना समजावून सांगते. पण हातात मोगरी असताना पुढचा घाव कुठं घालायचा, हे त्या समजावण्यातून निघेना. मी कडा दाबायची, मधला भाग वर यायचा. मधला भाग बसवायची, कडा पुन्हा उठायच्या. अण्णा खुर्चीवर बसून बघायचे आणि म्हणायचे, "जरा हळू मार." थोड्या वेळानं म्हणायचे, "असं भिऊन मारल्यावर काय व्हतंय?"

मग मी चाकांचं यंत्र करायचं ठरवलं. एकावर एक दोन चाकं, त्यांच्या चिमटीत पत्रा धरून मागंपुढं सरकवत राहायचं, म्हणजे घाव न घालता त्याला बाक येतो. वरच्या चाकाला भंगारातलं एक मोठं बेअरिंग मिळालं. खालचं चाक मधे फुगीर लागतं. ते कातून घ्यायला मी क्रांती चौकाजवळच्या एका लेथवाल्याकडं गेले.

"मॅडम, ये बीचमें पेट कायकू होना?" त्यानं चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"पत्र्याला बाक यायला."

"कित्ता बाक?"

"तेच अजून कळत नाहीये."

"तो मेरेकू कैसा कळेंगा?" तो हसला. शेवटी त्यानं आपल्या अंदाजानं एक चाक कातून दिलं.

चाकं धरायची चौकट मी चौकोनी पाइप जोडून स्वतः वेल्ड केली. दिसायला ती भक्कम होती. पहिल्या दिवशी पत्र्याला इतका सुरेख बाक आला, की मी नवऱ्याला हाक मारून बाहेर बोलावलं. दुसऱ्या दिवशी तीच चाकं, तसाच पत्रा, आणि पत्र्याला पीळ पडला. मी चौकटीला तिरका आधार दिला. पीळ गेला, पण पत्र्यावर चाकाच्या कडेच्या रेघा उमटायला लागल्या. कडा घासून गोल केल्या, रेघा गेल्या, बाक मात्र उलट्या बाजूला जायला लागला. चूक चौकटीत होती, चाकात होती की माझ्या हातात, हे कळायला एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी होती. हे मला माहीत होतं. पण माझा हातही रोज थोडा बदलत होता, त्याचं काय करणार? मला वाटायचं जमतंय, आणि का जमतंय ते शोधायला गेले की ते जमेनासं व्हायचं.

मडगार्डचा आकार कुठून घ्यायचा, एवढा एक प्रश्न मला सोपा वाटत होता. डावं कुजलेलं होतं, पण उजवं धडधाकट होतं. उजव्याची मापं घेतली, ती संगणकावर आरशासारखी उलटी केली आणि त्याप्रमाणे प्लायवूडचा सांगाडा कापला. घडवलेला पत्रा ह्या सांगाड्यावर ठेवून बघायचा, म्हणजे कुठं कमी, कुठं जास्त ते कळतं. पण सांगाडा गाडीच्या डाव्या अंगाला लावला, तर पुढच्या बाजूला बॉनेटपाशी बोट जाईल एवढी फट राहिली.

मी मापं पुन्हा घेतली. पुन्हा तीच आली. मग सहज म्हणून फ्रिजवरचं एक लोहचुंबक आणून उजव्या मडगार्डवर फिरवलं. दरवाज्याजवळ ते चिकटलं. पुढं दिव्याजवळ नेलं तर घसरून खाली पडलं.

अण्णा समोरच होते. "काय झालं?"

"अण्णा, इथं लांबी भरलीय. जाड."

"नाय. ह्या गाडीला नाय."

मी कोपऱ्यात थोडंसं घासून दाखवलं. पांढऱ्या रंगाखाली करडा लेप निघाला, कितीतरी आतवर. अण्णा खुर्चीवरून उठले, वाकून त्यांनी तिथं नख लावून पाहिलं.

"मंजे साहेब खोटं बोलला?"

"त्यांनासुद्धा माहीत नसेल. किंवा नंतर कधी झालं असेल."

"नंतर कसं? मी हात लावू दिलाय का कुणाला?" मग ते थांबले. "तू पुण्याला शिकत होतीस तवा गाडी वरीसभर बिडकीनला, माझ्या भावाच्या शेडमधी उभी व्हती. पण तो बोलला असता की. बोलला असता ना?"

काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. अण्णा घरी गेले आणि पुढचे काही दिवस फिरकलेच नाहीत. आईला विचारलं तर म्हणाली, "बसून असतात. कुणी माझी गाडी ठोकून गुपचूप बुजवली, म्हणतात. मी म्हटलं, अहो, चालली ना इतकी वर्षं?"

मग एका सकाळी ते हातात एक फोटो घेऊन आले. गाडी घेतली त्याच दिवशीचा, छावणीत काढलेला. चेहऱ्यावर जरा उजेड होता. "हितं बघ, उजवी बाजू हाय." होती खरी. पण मडगार्डच्या नेमकं पुढं, फ्रॉक घालून, दोन्ही हात पसरून मी उभी होते. दिव्याचा तुकडा तेवढा दिसत होता. आम्ही दोघांनी फोटो उन्हात नेला, चष्म्यातून पाहिला, फोनवर मोठा करून पाहिला. मी काही तिथून हटले नाही. अण्णांना आधी हसू आलं, मग मलाही.

त्या दिवशी मी सांगाडा भिंतीला टेकवून ठेवला आणि पत्रा थेट गाडीलाच लावून बघायला सुरुवात केली. अण्णा डोळे मिटून दरवाज्यावरून पुढं तळवा फिरवायचे. रोज धुतलेली गाडी, हाताला आठवत असेल, असं आम्हाला वाटलं.

"हितं आजून जरा पोट पायजे."

मी पत्रा काढून चाकांमधून फिरवून आणायची. दुसऱ्या दिवशी ते म्हणायचे, "हितं लई झालं."

"कालच तर तुम्ही वाढवायला सांगितलंत."

"मी? व्हय?" ते आपल्या तळव्याकडं बघायचे. "आसंल बाबा."

मग मी विचारणंच बंद केलं. खरा आकार कोणता, हे सांगणारं आता कुणी नव्हतं. उजवं मडगार्ड सांगत नव्हतं, फोटो सांगत नव्हता, अण्णांचा हातही रोज वेगळं सांगत होता. मी माझ्यापुरतं ठरवलं, की दरवाजा घासता कामा नये, बॉनेट नीट बसलं पाहिजे आणि चाक वळताना कुठं लागता कामा नये. एवढं जमलं की थांबायचं. एका रविवारी दुपारी हे सगळं एकदम जमून गेलं. मी आणखी काहीतरी करायचं राहिलं असेल म्हणून उगीच मोगरी घेऊन भोवती फिरत राहिले.

"आता ठेव ती खाली," अण्णा म्हणाले.

उजवी बाजूही आतला लेप काढून नव्यानं करू का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी त्या बाजूला जाऊन मडगार्डवरून तळवा फिरवला. "राहू दे. कुणी ठोकली, कुणी बुजवली, मला काय ठाव? पण मी तीच चालवली ना."

मडगार्डला रंग लागला, गाडी पुन्हा रस्त्यावर आली. अण्णा आता महिन्यातून एकदा तरी ती घेऊन बिडकीनच्या शेतावर जातात. समोर उभं राहून पाहिलं तर दोन्ही बाजू किंचित वेगळ्या आहेत, असं मला वाटतं. नवऱ्याला वाटत नाही. एखाद्या दिवशी मलाही वाटत नाही.

यंत्र अजून पोर्चमध्येच आहे. मागच्या आठवड्यात शेजारच्या काकू धान्याच्या कोठीचं पोचलेलं झाकण घेऊन आल्या. मी ते चाकांमधून दोन-चारदा फिरवलं आणि ते लगेच सरळ झालं. "कसं केलंस गं?" त्यांनी विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, चाकाकडं पाहिलं, झाकणाकडं पाहिलं आणि म्हटलं, "काकू, चहा घेऊन जा."